पाषाणत्वचा : एका मंत्राचे पाठभेद

पाठभेद तपासण्याची शिस्त आपण सहसा पोथ्यांसाठी राखून ठेवतो. एखाद्या ओवीतला शब्द दोन प्रतींत वेगळा आढळला की तो कोणी बदलला, का बदलला, त्यामागे नकलकाराचा हस्तदोष आहे की बदललेल्या काळाची निकड, असे प्रश्न आपल्याला पडतात. खेळाच्या नियमपुस्तकाकडे मात्र या नजरेने आपण फारसे पाहत नाही. नियम वापरायचे असतात, वाचायचे नसतात, असा आपला समज असतो. वस्तुतः नियमपुस्तक हीही एक संहिता आहे. तिच्याही आवृत्त्या निघतात, तिच्यातही शब्द गळतात, भर पडते, आणि प्रत्येक बदलामागे एक वाद मिटवलेला असतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळाच्या नियमपुस्तकांत 'स्टोनस्किन' नावाचा एक मंत्र आहे. मराठीत त्याला 'पाषाणत्वचा' म्हणू. जादूगाराने तो उच्चारला की ज्याच्यावर तो टाकला त्याची कातडी दगडासारखी कठीण होते आणि शस्त्रांचे घाव तिच्यावर चालत नाहीत. नोंद एवढीशी, काही ओळींची. परंतु १९८५ पासून २०२४ पर्यंत तिचे निदान सहा पाठ छापले गेले, आणि त्या सहांत एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत. तो प्रश्न महाकाव्यांइतका जुना आहे : अभेद्य देहाला घाव लागायचा तर तो कुठे लागावा?

प्रथम खेळाविषयी थोडे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावच्या टीएसआर या प्रकाशनसंस्थेने बाजारात आणला. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते बोलतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात. म्हणजे हे कथाकथनच आहे, फक्त कथेचा शेवट कोणाच्याही एकट्याच्या हातात नाही. प्रत्येक पात्राला किती मार सोसता येईल याचा एक आकडा असतो, त्याला 'हिट पॉइंट' म्हणतात. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये योद्ध्याचा हा आकडा ठरवण्यासाठी दहा बाजूंचा फासा आहे, तर जादूगारासाठी चार बाजूंचा. जादूगाराला चिलखतही घालता येत नाही. पोरसवदा जादूगार एखाद्या सुरीच्या घावाने मरतो.

ही दुर्बलता सहेतुक होती. जादूगाराच्या विद्येला मर्यादा नाहीत, म्हणून त्याच्या देहाला त्या घातल्या. विद्येलाही एक अट होती. जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकातील मांत्रिकांना एका वेळी मोजकेच मंत्र मनात साठवता येतात, आणि एकदा उच्चारला की मंत्र स्मृतीतून पुसला जातो. गायगॅक्स यांनी ही कल्पना खेळात घेतली. १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'च्या परिशिष्टात प्रेरणास्थाने म्हणून जी पुस्तके नोंदवली आहेत, त्यांत व्हान्स यांचे हे पुस्तक आहे. तेव्हा या खेळातला जादूगार हा मुळातच तुटपुंज्या साठ्यावर जगणारा माणूस आहे. त्याच्याकडे थोडा जीव आहे आणि थोडे मंत्र आहेत. अशा माणसाच्या हाती पाषाणत्वचा येते तेव्हा तिचे मोल कळते.

मंत्राला तीन अंगे लागतात : उच्चार, हावभाव आणि द्रव्य. द्रव्ये निवडताना गायगॅक्स यांची विनोदबुद्धी पुष्कळदा जागी असते. अग्निगोलाच्या मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागते, म्हणजे बंदुकीच्या दारूचे कच्चे सामान. विजेच्या मंत्राला काचेची किंवा अंबरची कांडी आणि केसाळ कातड्याचा तुकडा लागतो, म्हणजे शाळेतला घर्षणविद्युतीचा प्रयोग. पाषाणत्वचेच्या द्रव्यांत मात्र थट्टा नाही. ग्रॅनाइटची आणि हिऱ्याची पूड अंगावर शिंपडायची. जसे द्रव्य तसा परिणाम, हे जादूचे साधर्म्यतत्त्व जेम्स फ्रेझर यांच्या 'द गोल्डन बाऊ' (पहिली आवृत्ती १८९०) या ग्रंथामुळे सर्वपरिचित झाले. १९४० मध्ये डी कँप आणि प्रॅट या लेखकद्वयाने आपल्या हॅरल्ड शे या नायकाच्या कथांत तेच तत्त्व जादूचे व्याकरण म्हणून वापरले. या कथाही गायगॅक्स यांच्या त्या यादीत आहेत. मानववंशशास्त्रातून लोकप्रिय कथेत आणि कथेतून नियमपुस्तकात, असा या चिमूटभर पुडीचा प्रवास आहे.

आता जुन्या अभेद्य देहांकडे वळू. त्यांच्यापाशी पाहिल्याशिवाय या मंत्राचे वेगळेपण लक्षात येत नाही.

अकिलीसची टाच सर्वांना ठाऊक आहे. ती होमरची नाही. 'इलियड'च्या एकविसाव्या सर्गात ॲस्टेरोपेअसचा भाला अकिलीसच्या कोपराला चाटून जातो आणि रक्त येते. स्टिक्स नदीत बुडवून काढलेल्या बालकाची कथा आपल्याला भेटते ती इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमन कवी स्टेशियसच्या अपूर्ण काव्यात. जर्मन 'निबेलुंगेनलीड'मध्ये (सुमारे १२००) झीगफ्रीड ड्रॅगनच्या रक्तात न्हातो आणि त्याची कातडी शिंगासारखी कठीण होते, पण दोन खांद्यांच्या मध्ये लिंडेनचे एक पान चिकटून राहते. फिरदौसीच्या 'शाहनामा'तला इस्फंदियार धातूच्या अंगाचा, पण डोळे माणसाचे. रुस्तमचा बाण तिथेच लागतो. कॉकेशसमधील ओसेटियन लोकांच्या नार्त कथांत सोस्लान तर दगडातूनच जन्मतो. लांडगीच्या दुधात त्याला पाणी दिले जाते, तलवारीच्या पात्याला देतात तसे, परंतु गुडघे तेवढे कच्चे राहतात आणि त्या गुडघ्यांनीच त्याचा अंत होतो. आपल्याकडे दुर्योधनाची मांडी आहे. गांधारीच्या दृष्टीची लोकप्रिय कथा व्यासांच्या भारतात नाही. पण वनपर्वात दानव दुर्योधनाला सांगतात, की तुझा वरचा देह शंकराने वज्राचा घडवला आणि खालचा देवीने फुलांचा. वज्र आणि फूल यांची सीमारेषा कमरेवरून जाते, आणि भीमाची गदा त्या रेषेखाली पडते.

या सगळ्यांत एक समान सूत्र आहे. अभेद्यतेतील न्यून हे एका जागी असते. टाच, पाठ, डोळे, गुडघे, मांडी. देह हा नकाशा आहे आणि मृत्यू त्यावरचे एक ठिकाण. म्हणून या कथांमध्ये रहस्यभेद महत्त्वाचा ठरतो. ते ठिकाण कोणाला माहीत आहे, ते कोण फोडते, यावर नाट्य उभे राहते. झीगफ्रीडच्या बाबतीत त्याची पत्नीच भाबडेपणाने त्याच्या वस्त्रावर त्या जागेची खूण शिवते. आपल्या कवचस्तोत्रांची रचना या भीतीला दिलेले उत्तर म्हणून वाचता येते. देवीकवच घ्या किंवा स्वतःला 'वज्रपंजर' म्हणवणारी रामरक्षा घ्या. तेथे मस्तकापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचे नाव घेऊन रक्षण मागितलेले असते. एखादा अवयव उच्चारायचा राहिला तर तीच टाच ठरायची, ही धास्ती त्या गणनेमागे आहे.

खेळातला मंत्र अवयवांची नावे घेत नाही. तो सगळी कातडी एकदमच दगडाची करतो. पान चिकटत नाही, टाच बोटांत धरलेली नसते. मग न्यून कुठे गेले?

१९८५ च्या 'अनअर्थ्ड आर्काना' या पुस्तकातला पाठ याचे पहिले उत्तर देतो. मंत्र टाकलेल्या देहावर तलवार, बाण, राक्षसाने भिरकावलेली शिळा, सापाचा दंश, काहीच चालत नाही. तथापि एका प्रतिस्पर्ध्याचा एक हल्ला, किंवा त्याच्या एका दमातल्या घावांची मालिका, अंगावर आली की तो हल्ला निष्फळ होतो आणि त्याबरोबर मंत्रही संपतो. म्हणजे ही अभेद्यता संपूर्ण आहे आणि एकदाच आहे. येथे न्यून स्थळातून निघून संख्येत गेले. ती संख्या 'एक' आहे.

१९८९ मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती निघाली आणि 'एक'चे 'अनेक' झाले. चार बाजूंचा फासा टाकायचा, जादूगाराच्या दर दोन पातळ्यांमागे एक मिळवायचा, आणि येईल तेवढे हल्ले अडवायचे. नवव्या पातळीचा जादूगार पाच ते आठ हल्ले झेलू शकतो. या पाठातले बारीक कलम मोठे बोलके आहे : हल्ला लागो वा चुको, मोजणीत तो धरायचाच. पुस्तकातलाच दाखला असा, की एका फेरीत तीनदा झडप घालणारा ग्रिफिन दर फेरीला तीन कमी करतो. शिवाय कालमर्यादा सांगितलेली नाही. संख्या संपेपर्यंत त्वचा टिकते.

या दोन कलमांनी खेळण्याची रीत बदलली. कालमर्यादा नाही म्हटल्यावर शहाणा जादूगार संकटाची वाट पाहत नाही. तो सकाळीच पाषाणत्वचा चढवतो आणि दिवसभर मिरवतो. उलट शत्रू शहाणा असेल तर तो मोठे शस्त्र उचलतच नाही. चुकलेला वारही मोजला जातो, तेव्हा हलके बाण आणि मूठभर खडे पुरेत. त्याला जादूगाराला जखमी करायचे नसून त्याचा आकडा संपवायचा असतो. महाकाव्यातला वीर शत्रूचे मर्मस्थान शोधत असे, इथला वीर हिशेब ठेवतो. गणित आले म्हणून नाट्य गेले, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. आपल्या अंगावर अजून दोन थर उरले आहेत की तीन, हे ज्याला ठाऊक आहे त्याची भीती टाच लपवणाऱ्यापेक्षा कमी नसते. ती वेगळ्या जातीची असते. टाच एका क्षणी घात करते, संख्या दर क्षणी उतरते.

कॅनडातील बायोवेअर कंपनीने याच नियमांवर 'बॉल्डर्स गेट' (१९९८) आणि त्याचा दुसरा भाग (२०००) हे संगणकीय खेळ रचले, तेव्हा ही उतरती संख्या पडद्यावर आली. जादूगाराची आकृती दगडाच्या रंगाची होते आणि घावागणिक एकेक थर गळतो. दुसऱ्या भागातील जादूगारांची द्वंद्वे तर एकमेकांची कवचे सोलण्याचीच द्वंद्वे आहेत. 'ब्रीच' नावाचा मंत्र घातला की पाषाणत्वचा एका फटक्यात गळून पडते आणि दगडातून तो चार बाजूंच्या फाशाचा दुबळा माणूस पुन्हा प्रकट होतो.

टीएसआर १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली. तिने संख्येची कल्पना ठेवली, पण मोजायचे काय ते बदलले. आता हल्ले मोजायचे नाहीत, इजा मोजायची. प्रत्येक घावातून दहा वजा करायचे, उरलेले अंगावर घ्यायचे. दर पातळीमागे दहा या हिशेबाने, जास्तीत जास्त दीडशेपर्यंत इजा शोषली की मंत्र संपतो. कालमर्यादाही आली : दर पातळीला दहा मिनिटे. हिऱ्याच्या पुडीला किंमत लागली : अडीचशे सुवर्णमुद्रा. सकाळी चढवून दिवसभर मिरवण्याचे दिवस गेले. संरक्षण ही आता खर्चाची बाब झाली, आणि ती पूर्ण राहिली नाही. मोठा घाव दगडातूनही थोडा आत झिरपू लागला.

या आवृत्तीने आणखी एक दार उघडे ठेवले होते. विशिष्ट शस्त्रांना ही वजाबाकी लागू होत नसे. २००० च्या पाठात ती अत्यंत प्रभावी मंत्रसिद्ध शस्त्रे होती. २००३ च्या सुधारित पाठात त्यांची जागा 'ॲडमंटाइन' या कल्पित धातूने घेतली. नियमकर्त्यांच्या दृष्टीने हा सोयीचा बदल असेल, पण शब्दाच्या इतिहासात तो फार खोल जातो. ग्रीक 'अदामास' म्हणजे ज्याला नमवता येत नाही ते. त्यातला धातू आपल्या 'दम्'चाच सगोत्र आहे, तेव्हा 'अदम्य' हे त्याचे जवळजवळ अक्षरशः भाषांतर. याच 'अदामास'पासून, लॅटिन आणि फ्रेंच वळणे घेत, इंग्रजीतला हिऱ्याचा शब्द 'डायमंड' झाला. म्हणजे हिऱ्याच्या पुडीने घडलेली त्वचा जो धातू भेदतो, त्याचे नावही हिऱ्याचेच आहे. हिरा हिऱ्यानेच कापला जातो, हे आपण म्हणतोच.

हेसिअडच्या 'थिऑगनी'त क्रोनोस आपल्या बापाला, म्हणजे आकाशाला, ज्या विळ्याने छेदतो तो अदामासचा आहे. त्याहूनही जुने एक काव्य आहे. आजच्या तुर्कस्तानातील हट्टुशा या हित्ती राजधानीत सापडलेल्या मृत्तिकापट्टांवरचे 'उल्लिकुम्मीचे गीत'. कुमार्बी हा देव एका खडकापासून दगडाचा पुत्र निर्माण करतो. तो पृथ्वी तोलणाऱ्या उपेल्लुरीच्या खांद्यावर उभा राहून आकाशापर्यंत वाढतो, आणि देवांची शस्त्रे त्याच्यापुढे थिटी पडतात. शेवटी इआ हा बुद्धीचा देव जुन्या देवांकडून ते तांब्याचे पाते मागवतो, ज्याने कधीकाळी आकाश आणि पृथ्वी वेगळी केली होती. त्या पात्याने उल्लिकुम्मीचे पाय कापले जातात. दगडी देह आणि त्याला कापणारे आद्य पाते ही जोडी अशी तीन हजारांहून अधिक वर्षे जुनी आहे. २००३ च्या नियमकर्त्यांनी हित्ती काव्य समोर ठेवले होते असा माझा दावा नाही. कल्पनांची अशी पुनर्भेट होण्यासाठी कर्जाचा कागद लागत नाही. दगडाला अजिंक्य म्हटले की त्याला जिंकणारी वस्तूही शोधावीच लागते.

उल्लिकुम्मीच्या गीतात आणखी एक प्रसंग आहे. त्याला मोहवण्यासाठी देवी समुद्रकाठी गाऊ लागते. तेव्हा समुद्राची लाट तिला विचारते, तू कोणासाठी गातेस? त्याला ऐकू येत नाही, दिसत नाही. त्या प्राचीन कवीला दगड होण्याची किंमत पक्की ठाऊक होती. आपल्याकडेही शिळा होणे हा शाप आहे. वाल्मीकींची अहल्या अदृश्य राहून तप करते, शिळा नसते, पण पुढच्या परंपरेने तिला शिळाच केले, कारण शापाचे त्याहून नेमके रूप सुचत नाही. हा शाप या खेळातही आहे. जादूगाराच्या सहाव्या पातळीच्या मंत्रांत मांसाचा दगड करणारा मंत्र सापडतो, आणि त्याची द्रव्ये आहेत चुना, पाणी आणि माती. म्हणजे चौथ्या पातळीवर वर आणि सहाव्या पातळीवर शाप. दोहोंतला फरक जाडीचा आहे. त्वचेपुरता दगड हे रक्षण, मांसापर्यंत गेलेला दगड हे मरण.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने न्यूनाची जागा पुन्हा हलवली. आता मोजायचे काहीच नाही. साध्या, मंत्रविरहित शस्त्रांची इजा निम्मी होते. २०२४ च्या पाठाने 'मंत्रविरहित' ही अटही काढून टाकली. मुदत तासाभराची, पूड शंभर सुवर्णमुद्रांची. मात्र एक अट नवी आहे, आणि सर्व पाठांत मला ती सर्वाधिक अर्थपूर्ण वाटते : मंत्र टिकेपर्यंत जादूगाराचे अवधान त्यावर असले पाहिजे. त्याला स्वतःला इजा झाली की अवधान टिकले की नाही हे फासा ठरवतो. अवधान सुटले की दगड पुन्हा कातडी होतो. हा मंत्र दुसऱ्यावरही टाकता येतो. म्हणजे आघाडीवर लढणाऱ्या योद्ध्याची दगडी त्वचा मागे उभ्या असलेल्या एका दुबळ्या माणसाच्या चित्ताच्या एकाग्रतेवर अवलंबून असते. योद्ध्याला मर्मस्थान आहे, पण ते त्याच्या देहावर नाही. ते दुसऱ्याच्या मनात आहे.

सहा पाठ शेजारी मांडले तर न्यूनाचा प्रवास दिसतो : स्थळातून संख्येत, संख्येतून धातूत, आणि शेवटी अवधानात. प्रत्येक वेळी नियमकर्त्यांपुढे व्यावहारिक अडचण होती. कोणी तरी फार सुरक्षित झाले होते आणि टेबलाभोवतीच्या इतरांचा खेळ बिघडत होता. महाकवीपुढची अडचण वेगळी नव्हती. खरोखर अभेद्य वीराची गोष्ट पहिल्याच लढाईनंतर सांगण्यासारखी राहत नाही. होमरने अकिलीसला रक्त येऊ दिले. पुढच्यांनी त्याला अभेद्य केले, तेव्हा त्यांना टाच शोधावी लागली.

विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवताना आपण दोन प्रतींतला फरक दाखवतो आणि मूळ पाठ कोणता असेल ते विचारतो. येथे मूळ पाठ निश्चित आहे, १९८५ चा. तरीही तो अंतिम नाही, कारण या संहितेचे वाचक तिला आपापल्या टेबलावर रोज कसाला लावतात आणि पुढच्या आवृत्तीला उत्तर द्यायला भाग पाडतात. आपल्या पोथ्याही कीर्तनाच्या रंगात अशाच तपासल्या गेल्या असतील. ज्या पाठभेदाला आपण नकलकाराचा प्रमाद म्हणून तळटीपेत ढकलतो, त्यामागे एखाद्या श्रोत्याने विचारलेला प्रश्न असू शकतो. निदान तेवढी शक्यता मनात ठेवून ती तळटीप पुन्हा वाचायला हवी.